ट्रेबल : तिप्पट आणि बरंच काही
स्टिरिओवर ‘बास’शेजारी ‘ट्रेबल’ची कळ असते, ती फिरवली की झांजा खणखणतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा, ‘तिप्पट’. लॅटिन ‘ट्रिप्लुस’ जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘ट्रिपल’ हा त्याचाच सख्खा भाऊ. उंच स्वराशी त्याचं नातं मध्ययुगीन चर्चसंगीतात जुळलं, असं सहसा मानतात. खाली ‘टेनर’, त्यावर दुसरा आवाज आणि सगळ्यांत वर तिसरा, ‘ट्रिप्लम’. तिसरा म्हणजे वरचा, हे मग रूढच झालं. इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटांतही सर्वांत हलकी, उंच स्वराची घंटा ट्रेबलच.

डार्ट्समध्ये हिशेब रोखठोक : ट्रेबल २० च्या जेमतेम ८ मिलिमीटर रुंद पट्टीत बाण रुतला की ६० गुण. फुटबॉलमध्ये एकाच हंगामातले तीन मोठे किताब. मँचेस्टर युनायटेडने मे १९९९ मध्ये ते ११ दिवसांत खिशात घातले.

खरा घोळ क्रोशात. ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणजे अमेरिकी ‘डबल’, आणि अमेरिकी ट्रेबल त्याहून एक वेढा उंच. तेव्हा नमुना उतरवून घेण्याआधी तो कुठल्या देशातला आहे, ते बघा.