रियालाचा हिशोब – भाग ९ : ईदच्या सुट्टीत बर्फावर

जुबैल, यान्बू, खोबर किंवा रियाधमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाचं सुट्टीचं वेळापत्रक वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या शाळा बंद, बाहेर ४५ अंशांच्या वरचं ऊन, आणि सामानाने फुगलेल्या बॅगा घेऊन मुंबईचं विमान. युरोप पाहायचा झाला तरी तो उन्हाळ्यातला, हिरवा. आल्प्सच्या उतारांवर स्की घालून घसरायची हौस असली तरी हिवाळ्यात लांब सुट्टी मिळायची कुठून?

ती आता चंद्राने दिली आहे. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ईद अल-फित्र दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ३० मार्चला झाली, २०२६ मध्ये २० मार्चला. २०२७ मध्ये ती १० मार्चच्या आसपास येईल, २०२८ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस आणि २०३० मध्ये थेट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. आल्प्समधला स्कीचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे पुढची काही वर्षं रमजानची ईद ऐन हंगामात येणार. सौदी कामगार कायद्याप्रमाणे खासगी नोकरीत या ईदेला चार दिवस भरपगारी सुट्टी असते. तिला शुक्रवार-शनिवार आणि हक्काच्या रजेतले दोन-तीन दिवस जोडले की आठवडा आरामात जमतो.

मात्र प्रत्येक वर्षाची ईद खिशाला सारखी नाही. फ्रान्समध्ये शाळांची हिवाळी सुट्टी विभागवार दिली जाते आणि ती फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. ऑस्ट्रियाच्या शाळांनाही फेब्रुवारीतच सुट्टी असते. या आठवड्यांत डोंगरातल्या खोल्यांचे भाव कडाडतात आणि स्की शिकवणाऱ्या शाळांचे वर्ग भरून जातात. त्यानंतर भाव पुन्हा चढतात ते ईस्टरला. २०२७चा ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे त्या वर्षीची ईद दोन गर्दींच्या बरोबर मधल्या शांत पंधरवड्यात येते आणि बर्फही अजून भरपूर असतो. २०२८ची ईद मात्र फ्रेंच सुट्ट्यांच्या तोंडावर आदळते. या दशकात एकदाच ही हौस करायची असेल, तर २०२७च्या ईदेइतकी सोयीची दुसरी नाही.

दोन अडचणी आधीच लक्षात घ्यायला हव्यात. ईद नक्की कुठल्या दिवशी, हे आदल्या संध्याकाळच्या चंद्रदर्शनावर ठरतं. तेव्हा ज्यात बदल करता येत नाही असं स्वस्त तिकीट काढताना एका दिवसाची मोकळीक ठेवावी. दुसरी अडचण शाळेची. सौदीतल्या भारतीय शाळा बहुतांशी सीबीएसईच्या, आणि मार्च हा परीक्षांचा महिना. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर हा बेत त्या वर्षापुरता बाजूला ठेवणंच बरं.

आता पैशाकडे. इथल्या पगारदाराला रियाल स्थिर वाटतो, कारण १९८६पासून तो एका डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. पण आल्प्समधला खर्च युरोत होतो, आणि युरो डॉलरच्या तुलनेत वरखाली होतच असतो. २०२२च्या सप्टेंबरात एक युरो सुमारे ०.९६ डॉलरवर आला होता, म्हणजे ३.६० रियाल. २०२५च्या उन्हाळ्यात तोच १.१८ डॉलरपर्यंत गेला, म्हणजे ४.४० रियालच्या वर. पाच हजार युरोंची सहल एका वेळी १८,००० रियालना पडली असती, दुसऱ्या वेळी २२,००० रियालच्या पुढे. सहल तीच, हॉटेल तेच, आणि फरक चार हजारांचा. म्हणून घराचं भाडं आणि शिकवणीची फी नक्की झाल्याबरोबर भरून टाकावी. उरलेल्या खर्चासाठी दर महिन्याला थोडे थोडे युरो घेत राहिलं तर सगळा भार एका दिवसाच्या दरावर पडत नाही. तिथल्या दुकानात कार्ड दिल्यावर यंत्र ‘रियालमध्ये भरायचे का?’ असं विचारतं, तेव्हा युरोच निवडावा. रियाल निवडला तर दुकानदाराच्या बँकेने ठरवलेला महाग दर लागतो.

डोंगरावर पाऊल ठेवण्याआधीचा खर्च कागदपत्रांचा. एक्झिट री-एंट्री माणशी २०० रियाल, दोन महिन्यांपर्यंतच्या एका फेरीसाठी, चौघांचे ८००. नोकरदाराचे स्वतःचे काही कंपन्या भरतात, कुटुंबाचे सहसा पदरचेच जातात. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण झालेल्या पण १२च्या आतल्या मुलांना ४५, आणि त्याहून लहानांना माफ. आईवडील आणि अकरा व सात वर्षांची दोन मुलं, असं कुटुंब धरलं तर २७० युरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. अर्ज सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात काढायच्या त्याच देशाकडे करायचा. म्युनिकला उतरून ऑस्ट्रियात सहा रात्री राहणाऱ्याने तो जर्मनीकडे केला, तर कागद परत येतात आणि आठवडे वाया जातात.

इथे मनाला लागणारी एक गोष्ट आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने सौदी नागरिकांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वाट सोपी केली, आणि त्याच महिन्यात भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठीही. सौदीत राहणारा भारतीय या दोन्हींत बसत नाही. त्याला सर्वसाधारण नियमच लागू, आणि म्हणून ही फी पुढच्या वेळी पुन्हा भरावी लागेल असं धरूनच चालावं.

याच महिन्यांत इकाम्याचं नूतनीकरण येतं का, हेही पाहून ठेवावं. दूतावास परतीच्या तारखेनंतर काही महिने तरी चालणारा इकामा मागतात. कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितावर महिन्याला ४०० रियाल शुल्क जुलै २०२०पासून आहे. पत्नी आणि दोन मुलांचे वर्षाला १४,४०० रियाल. हा काही सहलीचा खर्च नव्हे, पण तो व्हिसाच्या तोंडावरच भरायची वेळ आली की सहलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात जातात.

ऑस्ट्रियातलं झेल आम झे हे गाव सौदी पर्यटकांचं जुनं आवडतं. इथून लोक जातात ते मुख्यतः उन्हाळ्यात, तळ्याकाठी. हिवाळ्यात मात्र त्याच गावावरचा श्मिटेनह्योहे आणि शेजारच्या काप्रुनचा किट्झश्टाइनहॉर्न हे स्कीचे डोंगर होतात. किट्झश्टाइनहॉर्नवर हिमनदी आहे आणि वरचं स्थानक ३,०२९ मीटरवर, त्यामुळे मार्चअखेरीसही तिथे बर्फाची चिंता नसते. साल्झबुर्गहून रेल्वेने दीड-दोन तासांत पोचता येतं, गाडी भाड्याने घेण्याची आणि तिला बर्फाचे टायर आहेत का ते बघत बसण्याची गरज नाही.

अशा मोठ्या ऑस्ट्रियन ठिकाणी मोठ्या माणसाचा लिफ्टचा एका दिवसाचा पास आता ७० युरोंच्या वर गेला आहे. सहा दिवसांचा ४०० युरोंच्या घरात, मुलांचा साधारण निम्मा. मुलांची पाच दिवसांची गटातली शिकवणी अंदाजे ३०० युरो, मोठ्यांची त्याहून थोडी कमी. स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट यांचं आठवड्याचं भाडं मोठ्यांना दीडशेच्या आसपास, मुलांना नव्वदेक. चौघांनी सहाही दिवस सगळं घ्यायचं ठरवलं तर राहणं-खाणं सोडून पावणेतीन हजार युरो, म्हणजे बारा हजार रियाल नुसते उतारावर जातात. बऱ्याच कुटुंबांचा अंदाज इथेच चुकतो. विमानाच्या तिकिटावर पाचशे रियाल वाचवण्यासाठी रात्र रात्र शोधाशोध होते, आणि पास मात्र खिडकीशी उभं राहून घाईत घेतले जातात.

खरं तर पहिल्यांदाच स्की पायात घालणाऱ्याला संपूर्ण डोंगराचा पास लागतच नाही. पहिले दोन-तीन दिवस तो पायथ्याच्या सपाटसर उतारावर असतो. जमिनीलगत सरकणाऱ्या रबरी पट्ट्यावर उभं राहून पन्नास-शंभर मीटर वर जायचं आणि स्कींची टोकं जवळ आणून, टाचा फाकवून खाली यायचं, एवढंच. त्या पट्ट्यांची तिकिटं वेगळी आणि स्वस्त मिळतात. फ्रान्समधल्या व्हाल दिझेरसारख्या महागड्या ठिकाणीही गावाजवळच्या नवशिक्यांच्या लिफ्ट फुकट आहेत. तेव्हा पैसे पासावर नव्हे, शिकवणीवर घालावेत. मुलांना पाच दिवस वर्गात घालावं आणि आईवडिलांनी दोन दिवस शिकून पाहावं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी उरलेले दिवस बर्फातल्या पायवाटा, लाकडी घसरगाडी आणि गरम पाण्याचा तलाव यांत घालवले तरी सुट्टी कमी होत नाही. या पद्धतीने तोच खर्च सतराशे युरोंच्या आसपास येतो, आणि वाचलेल्या साडेचार हजार रियालांत खोलीऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर परवडतं.

भाड्याच्या बुटांसाठी मात्र वेळ काढावा, कारण शिकवणीचे पैसे वसूल होणार की नाही हे तिथे ठरतं. दुकानातला माणूस आधी पाऊल मोजतो. स्कीच्या बुटाचा आकार पावलाच्या लांबीवर, सेंटीमीटरमध्ये असतो. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे चढवू नयेत, एकच पातळ लांब मोजा आणि आत विजारीची घडी अजिबात नको. कड्या लावल्यावर गुडघे पुढे वाकवायचे: नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे, बोटं पुढून किंचित सुटली पाहिजेत आणि टाच तसूभरही उचलली जाता कामा नये. मग तो वजन, उंची, वय विचारतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने स्कीवरच्या पकडीचा आकडा फिरवतो. पडल्यावर बूट कितपत जोराने सुटावा, ते हा आकडा ठरवतो. संकोचाने वजन पाच-सात किलो कमी सांगितलं तर पकड चालताचालता सुटते. वाढवून सांगितलं तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. मुलांची वजनं निघण्याआधी घरच्या काट्यावर करून लिहून न्यावीत.

विम्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि तो घेतला की काम झालं असं समजलं जातं. पण अनेक साध्या प्रवासविम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात. उतारावर पाय मोडला आणि हेलिकॉप्टर मागवावं लागलं तर बिल हजारो युरोंत जातं, आणि विमा कंपनी ते कलम दाखवते. हिवाळी खेळांचं वाढीव संरक्षण थोड्या जादा हप्त्यात मिळतं. त्यात डोंगरावरून सुटकेचा खर्च आणि दुसऱ्याला आपली धडक बसल्यास द्यावी लागणारी भरपाई या दोन्ही गोष्टी आहेत ना, हे वाचून घ्यावं. इटलीत तर २०२२पासून या दुसऱ्या प्रकारच्या विम्याशिवाय स्कीच्या उतारावर जायला परवानगीच नाही, आणि नोव्हेंबर २०२५पासून हेल्मेट सगळ्या वयांना सक्तीचं आहे. साल्झबुर्ग प्रांतात ते १५ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं. सक्ती असो-नसो, चौघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवंच.

जेवणाचा खर्च मराठी घराला आटोक्यात ठेवता येतो. डोंगरावरच्या उपाहारगृहात चौघांचं साधं जेवण महाग पडतं, शाकाहाऱ्याला बटाटे आणि चीज यांपलीकडे फारसं मिळत नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डाळ-तांदूळ, गोडा मसाला सोबत नेता येतो. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणून तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवावेत. लोणी तिथे उत्तम मिळतं, अर्ध्या तासात तूप कढतं. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. खजूर मात्र चालतात, आणि अल-कसीमचा सुक्करी खजूर जाकिटाच्या खिशात असला की मुलं दुपारपर्यंत तक्रार करत नाहीत.

एवढं करूनही आकडा जड वाटत असेल तर जॉर्जियाकडे पाहावं. तिबिलीसीहून उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर कॉकेशस पर्वतात गुदाउरी आहे. उतार २,००० मीटरच्या वर सुरू होतात आणि लिफ्ट ३,२०० मीटरच्या पुढे जाते. दिवसाचा पास ऑस्ट्रियाच्या निम्म्याहून कमी. सौदीचा वैध इकामा असणाऱ्याला तिथे वेगळा व्हिसा घ्यावा लागत आलेला नाही; नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी तपासावं, आणि परतीचं तिकीट, हॉटेल, विमा यांचे कागद छापून हाताशी ठेवावेत. गाव आल्प्ससारखं नेटकं नाही, शिकवणीचा दर्जाही शाळेगणिक बदलतो. पण मुलांना बर्फ आवडतो की दोन दिवसांत कंटाळा येतो, हे कमी पैशांत कळण्याची ती चांगली जागा आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न रजेचा. कायद्याने वर्षाला २१ दिवस, पाच वर्षांच्या नोकरीनंतर ३०. कंपनी तिकीट देते ते करारात लिहिलेल्या गावापर्यंत, म्हणजे मुंबईपर्यंत. युरोपचं स्वतःच काढायचं. मार्चमध्ये रजेतले तीन-चार दिवस गेले की जुलैत आजी-आजोबांच्या वाट्याचे तेवढे कमी होतात. हा हिशोब रियालांत मांडता येत नाही, पण तो घरात सगळ्यांनी मिळून आधी करावा, आणि गावाकडेही वेळेवर कळवावा.

तारखांचं गणित मागून पुढे मांडलं तर सोपं जातं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे २०२७च्या ईदेसाठी सप्टेंबर २०२६पासून. घर आणि मुलांची शिकवणी त्याच महिन्यात, रद्द करता येईल अशा अटीवर. विमा व्हिसाच्या अर्जाआधीच. गरम कपडे उन्हाळ्यात गावी गेल्यावर भाऊ-बहिणींकडून मागून आणावेत. हिमाचलला जाऊन आलेलं कुणीतरी प्रत्येक घरात असतं, आणि बर्फातले हातमोजे वर्षानुवर्षं कपाटातच पडून असतात.

(पुढील भागात : गावचं घर विकावं की ठेवावं – अनिवासी भारतीयाचा कर आणि कागदपत्रं)