आय.सी.यू.मधली कापसाची काडी



इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षे सिस्टर म्हणून काम करते. मंडळाच्या कार्यक्रमांत आपली माणसे एक तक्रार हमखास करतात : "बाबांना आय.सी.यू.त नेले आणि विचारले काय, तर गेल्या वर्षात भारतात इस्पितळात होते का? मग कापसाच्या काड्यांनी नमुने घेतले आणि वेगळ्या खोलीत ठेवले. आम्ही काय घाणेरडे आहोत?" राग समजतो. पण त्या रागापायी काही जण "नाही हो" म्हणून मोकळे होतात आणि नुकसान बाबांचेच होते.

जंतू अंगावर असणे निराळे आणि त्यांनी आजारी पडणे निराळे. एम.आर.एस.ए. हा जंतू नाकात, काखेत, जांघेत राहतो. क्लेबसिएला, ई. कोलाय हे आतड्यातले. यांतल्या काहींनी कार्बापेनेम ही राखीव ठेवलेली अँटिबायोटिक्ससुद्धा निकामी करणारे एन्झाइम मिळवले आहे, आणि त्याची कृती ते शेजारच्या जंतूंनाही देतात. धडधाकट माणूस असे जंतू पोटात घेऊन खुशाल पुरणपोळी खात हिंडतो, त्याला पत्ताही नसतो. आय.सी.यू.त मात्र घशात व्हेंटिलेटरची नळी, मानेच्या शिरेत दुसरी, लघवीला कॅथेटर. जंतूंना आत शिरायला वाटाच वाटा! शिवाय अँटिबायोटिक्सने साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळे मिळते.

अशा रुग्णाला ताप भरला, रक्तदाब उतरू लागला, तर रक्ताच्या कल्चरचा पूर्ण अहवाल यायला दोनेक दिवस लागतात. तोवर डॉक्टर औषध अंदाजाने देतात. पोटात कोणता जंतू आहे हे आधीच ठाऊक असेल, तर योग्य औषध पहिल्याच दिवशी सुरू करता येते. उशिरा सुरू झालेले औषध कधी कधी उपयोगाचे राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भारताचेच नाव का, असे विचाराल. नवी दिल्लीत इस्पितळात राहून स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णात २००८ साली असा जंतू सापडला. त्याच्या एन्झाइमला एन.डी.एम.-१ म्हणतात, त्यातले 'एन.डी.' म्हणजे न्यू डेल्ही. या नावावरून भारतात बराच गदारोळ झाला, आणि शहराचे नाव द्यायला नको होते असे मलाही वाटते. पण २०१०च्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या अशा २९ रुग्णांपैकी किमान १७ जण वर्षभरात भारत किंवा पाकिस्तानात जाऊन आलेले होते. तरीही १२ महिन्यांचा तो प्रश्न कातडीच्या रंगावरून विचारत नाहीत. स्पेनमध्ये पाय मोडून इस्पितळात पडलेल्या गोऱ्या साहेबालाही तोच प्रश्न आणि तीच काडी.

एम.आर.एस.ए.साठी नाक व जांघ; आतड्यातल्या जंतूंसाठी गुदद्वारातून काडी फिरवतात किंवा शौचाचा नमुना घेतात. आपल्या आज्यांना याची फार लाज वाटते. काम अर्ध्या मिनिटाचे आहे. बाईच हवी असेल तर खुशाल सांगा. एम.आर.एस.ए. निघाला तर क्लोरहेक्सिडीनने अंग धुतात, नाकात मलम लावतात. आतड्यातले जंतू घालवायला मात्र खात्रीचा उपाय नाही; बरेचदा काही महिन्यांत ते आपोआप कमी होतात.

काडी सर्वज्ञ नव्हे. कधी जंतू असून सापडत नाही. अमेरिकेत ४३ इस्पितळांच्या मोठ्या अभ्यासात (२०१३) तपासून वेगळे ठेवण्यापेक्षा आय.सी.यू.तल्या सर्वांचेच अंग क्लोरहेक्सिडीनने पुसणे आणि नाकात मलम लावणे सरस ठरले. रक्तातले जंतुसंसर्ग ४४ टक्क्यांनी घटले. पण तो अभ्यास आतड्यातल्या जंतूंच्या तपासणीबद्दल नव्हता.

वेगळी खोली म्हणजे वाळीत टाकणे नव्हे. बाबांचा हात जरूर हातात घ्या. आत जाताना व बाहेर येताना साबणाने हात धुवा, पलंगावर बसू नका, नळ्यांना हात लावू नका.

आणि भारतात कुणी इस्पितळात राहिले असेल, तर निघताना डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. त्यावर अँटिबायोटिक्सची नावे व तारखा आहेत का, ते तिथेच पाहा. कार्डाची एक झेरॉक्स इथल्या जी.पी.कडे द्या, दुसरी पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.