चिकटविलेलें सोडवितांना

जोडण्याचें काम जितकें लोकांच्या नजरेस भरतें तितकें सोडविण्याचें भरत नाहीं. नवी वस्तु बसविणाऱ्याची वाहवा होते. जुनी वस्तु इजा न करतां काढणाऱ्याचें नांवहि कोणी घेत नाहीं. तथापि कारागिराचें खरें कसब पुष्कळदां सोडविण्यांतच दिसून येतें. याचें एक प्रत्यक्ष उदाहरण गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्हांस पाहावयास मिळालें. तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सविस्तर देत आहों.

आमचा एक जुना विद्यार्थी उल्हासनगर येथें मोटारींच्या एका गॅरेजांत कामास आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं वसविलेलें हें शहर; १९४९ सालीं त्यास सध्यांचें नांव मिळालें. आम्ही त्या विद्यार्थ्याच्या भेटीस गेलों त्या दिवशीं गॅरेजांत दोन दारांची, परदेशी बनावटीची एक स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्या डिकीवर कारखान्यांतूनच बसवून आलेला लहानसा स्पॉयलर होता. तो काढून त्या जागीं कार्बन फायबरचा मोठा, उंच पंख बसवावा अशी मालकाची इच्छा होती. परंतु बाहेरून त्या स्पॉयलरास एकहि स्क्रू दिसेना. तो चिकटविलेला होता.

मोटारीस पंख कशासाठीं, असें कोणी विचारील. विमानाचा पंख असा असतो कीं, वेगानें जातांना हवा त्यास वर उचलते. मोटारीची पाठ फुगीर असल्यामुळें वेगांत तीहि थोडीशी उचलली जाते, आणि मागचीं चाकें रस्त्यावरील पकड गमावूं लागतात. म्हणून शर्यतीच्या गाडीवर विमानाचा पंख उलटा करून बसवितात. तो हवेस वर ढकलतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें हवा त्यास खालीं दाबते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. समजा, ताशीं २०० किलोमीटर वेगास एखादा पंख १०० किलो वजनाइतका दाब देतो. ताशीं ४० किलोमीटर वेगास, म्हणजे पंचमांश वेगास, तोच दाब पंचविसावा हिस्सा, अर्थात् अवघा ४ किलो राहील. अंबरनाथहून बदलापुरास जातांना संध्याकाळच्या गर्दींत त्या भव्य पंखाची कामगिरी तांदळाच्या लहानशा पिशवीएवढी! उलट, पोर्शे कंपनीनें २०२२ सालीं पुढें आणलेल्या ९११ जीटी३ आरएस या गाडीवर ताशीं २०० किलोमीटर वेगास एकंदर ४०९ किलो, व २८५ किलोमीटर वेगास ८६० किलो दाब पडतो, असे त्या कंपनीचे आंकडे आहेत.

एवढा भार ज्या सांध्यांतून गाडीच्या अंगांत उतरावयाचा, तो सांधा अथवा त्याचा आधार कच्चा असल्यास काय होतें, हें शर्यतींच्या इतिहासांत नमूद आहे. अमेरिकेंतील जिम हॉल यांनीं १९६६ सालीं चॅपरल नांवाच्या आपल्या गाडीवर उंच खांबांवर पंख चढविला, व लवकरच इतरांनीं त्यांचें अनुकरण केलें. ता. ४ मे १९६९ रोजीं स्पेनमध्यें बार्सिलोना येथील शर्यतींत लोटस कंपनीच्या दोन गाड्यांचे असे पंख एकामागून एक मोडले, आणि दोन्ही गाड्या ताब्याबाहेर जाऊन आदळल्या. ग्रॅहम हिल बचावले. योखेन रिंट जखमी झाले. त्याच महिन्यांत मोनॅको येथील शर्यतीच्या वेळीं असल्या उंच पंखांस बंदी करण्यांत आली. तात्पर्य, पंख ही शोभेची वस्तु नव्हे. तो कशावर व कसा टेकला आहे, हा पहिला प्रश्न होय.

आतां सांध्याविषयीं दोन शब्द. अंबरनाथचें प्राचीन शिवमंदिर आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. काळ्या दगडाचे घडीव चिरे तेथें एकमेकांवर बसविलेले असून त्यांचा भार त्यांस जागच्या जागीं ठेवतो. त्याच गांवच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे भाग नट-बोल्टांनीं आवळलेले दिसतील. तिसरा प्रकार चिकटविण्याचा. पहिल्या प्रकारांत चिरा उचलतां येतो, दुसऱ्यांत बोल्ट सैल करतां येतो. तिसऱ्यांत मात्र सोडविण्यास बोट घालावयास जागाच नसते. सबंध पृष्ठभागानें दुसऱ्या पृष्ठभागास धरलेलें असतें. यांत लाभहि आहेत. पत्र्यास भोक पडत नाहीं, म्हणून गंज शिरत नाहीं. भार एका बिंदूवर न पडतां पसरतो. आणि धक्के मधल्या मऊ थरांत जिरतात.

परंतु या सांध्याचा एक स्वभाव ध्यानांत ठेवला पाहिजे. पाकिटावरील तिकीट सपाट ठेवून बाजूस सरकवूं गेल्यास तें हलत नाहीं. पण त्याचा एक कोपरा उचलला कीं तें सोलत येतें. शिवाय तिकीट ओढून काढलें तर कागदाचा पापुद्राहि त्याबरोबर निघतो. ओढ लागतांच जो थर सर्वांत दुबळा तो आधीं सुटतो. डिंकाची पकड रंगाच्या पकडीहून बळकट असेल, तर डिंक सुटणार नाहीं, रंगच सुटेल.

आमच्या विद्यार्थ्यास हा धडा अनुभवानें मिळाला होता. उमेदवारीच्या पहिल्या वर्षीं त्यानें असाच एक भाग घाईनें, थंडपणींच, पाचर घालून उपटला. तळहाताएवढा रंग थेट पत्र्यापर्यंत निघून आला. सबंध डिकीस नव्यानें रंग द्यावा लागला, व तो खर्च त्याच्या पगारांतून दोन महिने कापला गेला. “सर, तेव्हांपासून एकच पाठ केलें आहे,” तो म्हणाला, “आधीं ऊब, मग दोरा, आणि शेवटीं हात.”

त्याचें काम आम्ही बाजूस उभे राहून पाहिलें. प्रथम त्यानें डिकी उघडून आंतून तपासलें. कारण चिकटविलेल्या भागास पुष्कळदां आंतल्या बाजूनें एकदोन नटहि असतात, आणि ब्रेकच्या वरच्या दिव्याची वायर तेथूनच जाते. नट काढले, वायर सोडविली. मग स्पॉयलरच्या कडेनें रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावले. त्यानंतर हीट गन घेऊन ती एका जागीं न धरतां सारखी फिरवीत ठेवली. पत्र्यावर क्षणभर हात ठेवतां येईल इतकीच ऊब तो देत होता. अधिक आंच लागल्यास प्लास्टिक वांकतें व रंगास फोड येतात. अशा वेळीं थिनर किंवा पेट्रोल जवळपास असूं नये, हें सांगावयास नकोच.

ऊब लागतांच फेसासारखी जाड डबल टेप मऊ झाली. तेव्हां त्यानें मासे धरण्याचा तंगूस घेतला, त्याचीं दोन्ही टोकें लांकडाच्या तुकड्यांस गुंडाळलीं, आणि करवत चालवावी तसा तो स्पॉयलरच्या खालून मागेंपुढें ओढूं लागला. दोरा टेपेचें पोट कापीत पुढें सरकला. रंगावर ओढ मुळींच पडली नाहीं. थंड झालेल्या जागीं तो थांबे, पुन्हां ऊब देई, व पुन्हां चालवी. टेपेऐवजीं पुढची कांच बसविण्यास वापरतात तसला पॉलियुरेथेनचा डिंक असता, तर केवळ उबेनें तो सैल पडला नसता. तेथें पोलादी तार घ्यावी लागते. शेवटचे चार बोटें अंतर राहिलें तेव्हां त्यानें सोबत्यास स्पॉयलर धरावयास सांगितलें, आणि तो अलगद वर आला. मागें राहिलेला टेपेचा लगदा त्यानें अंगठ्यानें वळून काढला, उरलेला रबरी चाकानें घांसला, आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसली. ब्लेड त्यानें हातींहि घेतलें नाहीं. या सर्व खटाटोपास तीन तास लागले. रंगावर एक ओरखडा नव्हता, व निघालेला स्पॉयलर जसाच्या तसा होता.

संध्याकाळीं गाडीचे मालक आले. नवा पंख टेपेवरच चिकटवून द्यावा, भोकें पाडूं नयेत, आणि गाडी त्याच रात्रीं मिळावी, असें त्यांनीं सांगितलें. आमच्या विद्यार्थ्यानें नम्रपणें नकार दिला. एवढ्या पंखास डिकीच्या पातळ पत्र्याखालीं आधाराची पट्टी व आरपार बोल्ट पाहिजेत. भोकांच्या कडांस प्रायमर लावून पाणी शिरणार नाहीं असें केलें पाहिजे, कारण आपल्या भागांतील पाऊस कोणासच क्षमा करीत नाहीं. कार्बन फायबर व धातु यांच्यामध्यें रबराचा थर हवा, नाहीं तर ओलींत विजेच्या घटासारखी क्रिया होऊन धातु झिजतो. शिवाय टेपेची पकड लगेच पुरी येत नाहीं. साधारण हवेंत २४ तासांत सुमारें नव्वद टक्के व ७२ तासांत पूर्ण येते. हें सर्व त्यानें समजावून सांगितलें. शेवटीं तो म्हणाला, “साहेब, पंख उडाला तर तुमची गाडी पुढें निघून जाईल. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचें काय?”

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील तपशील व कारखान्याचें मूळ स्वरूप यांच्याशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलाबद्दल ५,००० रुपये दंड, अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून कल्याण येथील परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें, आणि विमा कंपनीसहि कळवावें, असा सल्ला त्यानें दिला.

मालक रागावले. गॅरेजच्या शेठचाहि चेहरा उतरला, कारण मोठ्या मजुरीचें काम हातचें जात होतें. आमचा विद्यार्थी मान खालीं घालून उभा राहिला. परंतु त्यानें शब्द फिरविला नाहीं. थोड्या वेळानें मालक शांत झाले व म्हणाले, “मग आतां उघड्या डिकीची गाडी घेऊन जाऊं काय?” तेव्हां त्यानें कपाटावरून जुना स्पॉयलर खालीं काढला. त्यास तडा नव्हता, वांक नव्हता. स्वच्छ केलेल्या जागेवर नवी टेप लावून त्यानें तो पुन्हां बसविला, आंतले नट आवळले, दिव्याची वायर जोडली, आणि गाडी दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपर्यंत हलवूं नये असें सांगितलें. मालकांनीं तें मान्य केलें.

परततांना बदलापूर लोकलमध्यें बसून आम्ही याच गोष्टीचा विचार करीत होतों. त्या दुपारीं तीन तासांऐवजीं तीन मिनिटांत स्पॉयलर उपटला असता, तर संध्याकाळीं ‘नाहीं’ म्हणण्याची सोयच राहिली नसती. फुटका भाग व सोललेला रंग झांकण्यासाठीं कसातरी तो पंख बसवावाच लागला असता. जपून सोडविल्यामुळें परतीची वाट मोकळी राहिली, आणि परतीची वाट मोकळी होती म्हणूनच त्या तरुणास खरें बोलणें निभावलें. विद्यार्थीमित्रहो, घड्याळ असो, सायकल असो, कीं वडिलांची मोटार असो. कांहींहि उघडण्यापूर्वीं तें कशानें धरलें आहे हें आधीं पाहा, आणि तें पुन्हां जसेंच्या तसें लावतां येईल अशा रीतीनें सोडवा.