तेलप्रदूषण, खाडीतील

खनिज तेल वा त्यापासून मिळणारे इंधन मिसळल्याने पाण्याचे नैसर्गिक गुणधर्म बिघडतात, त्यास तेलप्रदूषण म्हणतात. जहाजांच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी, टाक्यांची धुलाई व नळांतील गळती ही त्याची नेहमीची उगमस्थाने होत. अपघात विरळ, पण अधिक विध्वंसक असतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या मुखाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सु. ८०० टन तेल सांडले. ते मोरा बंदर ज्या उरण किनाऱ्यावर वसले आहे तेथील, तसेच समोरच्या घारापुरी बेटावरील कांदळवनांपर्यंत पोहोचले.

तवंगामुळे हवेतील ऑक्सिजन पाण्यात विरघळण्यास अडथळा येतो. खाडीत मात्र खरी हानी ओहोटीनंतर घडते. तिवराच्या चिखलाबाहेर आलेल्या श्वसनमुळांची रंध्रे तेलाच्या लेपाने बुजतात. खेकड्यांच्या बिळांतून तेल गाळात उतरते. तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसल्याने तेलाचे विघटन करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावते व तेल वर्षानुवर्षे टिकू शकते. तेलाचा वास लागलेल्या मासळीला गिऱ्हाईक मिळत नाही, ही कोळ्यांची हानी निराळीच.

शांत समुद्रात तरत्या अडथळ्यांनी तवंग कोंडून तेल यंत्रांनी उचलतात. तेलाचे सूक्ष्म थेंब करणारी रसायने खोल पाण्यातच वापरणे योग्य. उथळ खाडीत त्यांमुळे विषारी अंश तळाच्या जीवांपर्यंत अधिकच पोहोचतो. कांदळवनात माणसे वा यंत्रे उतरविल्यास तेल तुडविले जाऊन गाळात खोल जाते. म्हणून काठावरचे तेल हाताने गोळा करून, उरलेले भरतीच्या वेळी कमी दाबाच्या पाण्याने धुणे व पुढील विघटन सूक्ष्मजंतूंवर सोपविणे, हेच पुष्कळदा इष्ट ठरते.