उताऱ्याचा सूर कसा ओळखावा

उताऱ्यात लेखक जे सांगतो तो आशय आणि ते सांगताना त्या गोष्टीकडे तो ज्या भावनेने पाहतो तो सूर. उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना आशयाशी बांधलेली असते; सूर मात्र शब्दांच्या निवडीत आणि वाक्याच्या ठेवणीत सापडतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून आणि राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून सीसॅटची, म्हणजे अभिक्षमता चाचणीची, प्रश्नपत्रिका आली, तेव्हापासून उताऱ्यांच्या सरावाला मोठे महत्त्व आले. तरीही सुराचा प्रश्न बरेच जण अंदाजाने सोडवतात, आणि तो अंदाज बहुधा विषयावरून बांधलेला असतो. दुष्काळावरचा उतारा म्हणजे सूर दुःखाचा, असे गृहीत धरले की गुण गेलाच.

एकच विषय दोन तऱ्हांनी पाहू. ‘गावाच्या नळयोजनेची टाकी बांधून पूर्ण झाली आहे. मात्र मुख्य जलवाहिनीचे काम अपूर्ण असल्याने पुरवठा सुरू झालेला नाही.’ आता दुसरा उतारा: ‘गावाच्या नळयोजनेची टाकी दिमाखात उभी आहे. तिचे उद्घाटन दोनदा झाले, फलकही दोन लागले. पाणी तेवढे यायचे राहिले आहे.’ दोन्हीकडे मूळ माहिती तीच: टाकी आहे, पाणी नाही. पहिल्यात लेखक कारण नोंदवून बाजूला होतो, म्हणून सूर वस्तुनिष्ठ. दुसऱ्यात ‘दिमाखात’ हा शब्द वरवर कौतुकाचा आहे, पण शेवटच्या वाक्यातला ‘तेवढे’ ते कौतुक उलटवतो. सूर उपरोधिक होतो तो या एका शब्दाच्या बळावर. मराठीत च, ही, तर, म्हणे, बापडा, तथाकथित असे शब्द हे काम सतत करतात. घाईत वाचणाऱ्याची नजर नेमकी त्यांच्यावरून घसरते. ‘समितीने अभ्यास केला’ आणि ‘समितीने म्हणे अभ्यास केला’ यांतील अंतर पुन्हा वाचूनच घ्यावे.

उपरोधात शब्द एका दिशेला आणि अर्थ दुसऱ्या दिशेला जातो. मराठी पत्रकारितेतील याचा ठळक दाखला म्हणजे शिवराम महादेव परांजपे यांचे १८९८ साली सुरू झालेले ‘काळ’ हे साप्ताहिक. परांजपे वक्रोक्तीसाठी प्रसिद्ध होते. शब्दशः पाहता साध्या किंवा स्तुतीच्या वाटणाऱ्या वाक्यांतून ते परकी सत्तेवर प्रहार करत. तो सूर वाचकांना कळत होता आणि सरकारलाही कळत होता. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. अशा लेखनातली वाक्ये सुटी करून वाचली तर अर्थ हमखास निसटतो. म्हणून सुराचा निर्णय एका वाक्यावर न सोडता पूर्ण उतारा वाचून घ्यावा.

खरी अडचण येते ती जवळजवळच्या पर्यायांत. उपरोधात बोलणे आडवळणाने असते. उपहासात समोरच्याला हास्यास्पद ठरवण्याचा हेतू उघड असतो. तटस्थ लेखक दोन्ही बाजू मांडतो आणि कौल देत नाही. उदासीन लेखकाला विषयाचे सोयरसुतकच नसते. ज्याने त्या विषयावर नेटाने लिहिले त्याला उदासीन ठरवणारा पर्याय त्यामुळेच क्वचित बरोबर असतो. चिकित्सक म्हणजे विरोधी, हाही एक रुजलेला गैरसमज आहे. चिकित्सक लेखक गुण-दोष दोन्ही तपासतो आणि शेवटी अनुकूल मतही देऊ शकतो.

उताऱ्यात दुसऱ्याचे मत आले असेल तर अधिक सावध राहावे. ‘टीकाकारांच्या मते ही योजना फसवी आहे’ या वाक्यातला राग टीकाकारांचा आहे. लेखकाचे मत बहुतेकदा ‘परंतु’, ‘तथापि’, ‘असे असले तरी’ यांच्या पुढे येते. ‘योजनेत त्रुटी आहेत, तथापि योग्य देखरेख राहिली तर ती टिकेल’ असे लिहिणारा लेखक निराश नाही आणि निःशंकही नाही. त्याचा सूर सावध आशावादाचा आहे, आणि ‘राहिली तर’ ही अट तो सावधपणा दाखवते.

पर्याय निवडल्यावर त्याला आधार देणारे दोन-तीन शब्द उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत. ‘संतप्त’ किंवा ‘भारावलेला’ असा टोकाचा पर्याय निवडला असेल, तर तितकेच तीव्र शब्द उताऱ्यात हवेत. असे शब्द कुठेच नसतील आणि केवळ माहिती, कारणे व परिणाम मांडलेले असतील, तर वस्तुनिष्ठ हेच उत्तर.