सीमाभागातील मराठी आणि प्राथमिक शाळा

सन २०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. त्यांतील बहुसंख्य लोक महाराष्ट्रात राहत असले, तरी बेळगाव-निपाणी, तंजावर आणि समुद्रापार मॉरिशस येथेही मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. राज्याबाहेर भाषा कशाच्या आधारे टिकते, याचा विचार सीमाभागातील पालकांनी व शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

तंजावर येथे सतराव्या शतकात भोसले घराण्याची सत्ता स्थापन झाली. तेथील मराठी कुटुंबांत आजही मराठी बोलली जाते. परंतु शिक्षण तमिळ अथवा इंग्रजीतून झाल्याने अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. मॉरिशसमध्ये याच्या उलट घडले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज घरी प्रामुख्याने क्रिओल बोलतात. मात्र तेथील शाळांत मराठी हा विषय शिकविला जातो. एके ठिकाणी बोली राहिली, दुसऱ्या ठिकाणी अक्षर राहिले.

बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. येथे घर आणि शाळा हे दोन्ही आधार अद्याप उभे आहेत. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. परंतु निकालासाठी मुलांचे शिक्षण थांबून राहत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०क सांगतो. अनुच्छेद ३५० अन्वये नागरिकास आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी असल्यास त्यांच्या भाषेचा शिक्षक नेमावा, हा निकष १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झाला होता.

यावरून पटावरील प्रत्येक नावाचे मोल ध्यानी येईल. कन्नड ही शेजाऱ्यांची व राज्यकारभाराची भाषा असल्याने मुलांनी ती उत्तम शिकावी. अण्णा, अक्का हे शब्द आपण तिच्याकडूनच घेतले आहेत. मात्र पहिली अक्षरओळख मातृभाषेतून व्हावी. पालकांनी मुलांची नावे मराठी शाळेत वेळेवर नोंदवावीत, शिक्षकांनी वाचनाची गोडी लावावी आणि अधिकाऱ्यांनी मराठीतून आलेल्या अर्जाची तत्परतेने दखल घ्यावी.