गेम बॉयची तार

क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी ‘गेम बॉय’ हे तळहातावर मावणारे खेळयंत्र जपानात विक्रीस काढले. त्याच्या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः त्याच्या माफक किमतीला, चार पेन्सिल सेलांवर पुष्कळ तास चालण्याच्या काटकसरीला आणि ‘टेट्रिस’ या खेळाच्या मोहिनीला दिले जाते, आणि ते अयोग्य आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु गुंपेई योकोई आणि सातोरू ओकादा या अभियंत्यांच्या पथकाने त्या यंत्राच्या कडेला जी एक लहानशी खाच ठेवली, आणि जिच्यात तार अडकवली असता दोन यंत्रे परस्परांशी बोलू लागत, तिचा इतिहास मला त्या यंत्राच्या इतर सर्व गुणांपेक्षा अधिक मनोरंजक वाटतो. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जत्रांतून आणि स्टेशनाबाहेरच्या टपऱ्यांतून जो ‘ब्रिक गेम’ विकला जाई त्याला अशी खाच नव्हती, आणि म्हणून घराघरांतल्या भावंडांना तो आळीपाळीने, बहुधा भांडूनच, खेळावा लागे.

त्या तारेची रचना समजून घेतल्यावाचून पुढची हकीकत कळावयाची नाही. प्रत्येक यंत्रात आठ बिटांचा एक कप्पा असतो. एका यंत्राच्या कप्प्यातून एक बिट बाहेर पडते त्याच क्षणी दुसऱ्याच्या कप्प्यातले एक बिट आत येते, आणि अशा आठ ठोक्यांनंतर दोन्ही कप्प्यांतील मजकुराची संपूर्ण अदलाबदल झालेली असते. जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघींचा खुंटा एकच असावा आणि एकीच्या लोटण्यातच दुसरीचे ओढणे असावे, तसा हा व्यवहार; देणे वेगळे आणि घेणे वेगळे असा भेदच त्यात नाही. ठोके देण्याचा अधिकार मात्र दोहोंपैकी एकाच यंत्राला असतो. सेकंदाला ८१९२ ठोके या गतीने एका बाइटच्या देवघेवीस एक मिलिसेकंदाहून किंचित कमी काळ लागतो. ठोके देणारे यंत्र समोर कोणी आहे की नाही याची चौकशी करीत नाही. तार निसटली असेल तर त्याच्या कप्प्यात आठही बिटे ‘एक’ भरून येतात, म्हणजे २५५ हा आकडा उमटतो, एवढाच काय तो त्याला मिळणारा पुरावा. उलट ठोके घेणारे यंत्र, पहिला ठोका येईपर्यंत, हवा तितका वेळ स्वस्थ बसून राहू शकते. एकाचा उतावळेपणा आणि दुसऱ्याचा धीर, या दोन स्वभावांपैकी दुसऱ्याला पुढे केवढे महत्त्व यावयाचे होते, याची कल्पना १९८९ साली असण्याचे काहीच कारण नव्हते.

या तारेचा सर्वांत बुद्धिमान उपयोग केला तो ‘गेम फ्रीक’ या लहान संस्थेच्या सातोशी ताजिरी यांनी. बालपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या या गृहस्थांना दोन गेम बॉयमधील तार पाहून तिच्यावरून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जात आहेत असा भास झाला, आणि त्या भासातून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘पोकेमॉन’चे पहिले दोन खेळ जन्मास आले. त्यांतील लढतीची आतली व्यवस्था वाखाणण्याजोगी आहे. लढतीत दैवाचा भाग पुष्कळ; घाव बसेल की हुकेल, बसला तर किती खोल, हे सारे यादृच्छिक अंकांवर ठरावयाचे. ते सर्व निकाल एका यंत्राने ठरवून दुसऱ्यास कळवीत राहावे, ही सरळ वाटणारी तजवीज कर्त्यांनी बाजूस सारली. लढतीच्या आरंभीच एका यंत्राने यादृच्छिक अंकांची एक यादी दुसऱ्याकडे रवाना करावी, आणि त्यानंतर दोन्ही यंत्रांनी तीच लढत आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे चालवावी, असे त्यांनी योजले. तारेवरून जातो तो केवळ खेळाडूचा निर्णय: अमुक चाल, तमुक प्राणी. दोन्हीकडे आरंभीची स्थिती एक, अंक एक, नियम एक, म्हणून निष्पत्तीही एकच.

या व्यवस्थेत नियमांचा लवलेशही फरक चालत नाही, आणि तो फरक एके ठिकाणी राहून गेला होता. ‘सायवेव्ह’ नावाच्या एका आघाताचे गणित करताना, आघात स्वतःच्या खेळाडूचा असेल तर किमान एक गुणाची इजा धरावयाची आणि प्रतिपक्षाचा असेल तर शून्यही ग्राह्य मानावयाचे, अशी तफावत प्रोग्रॅममध्ये होती. एका यंत्राच्या दृष्टीने जो स्वकीय तो दुसऱ्याच्या दृष्टीने परकीय. त्यामुळे दोन जमाखर्चांत क्वचित फरक पडे, आणि मग एकाच लढतीच्या दोन भिन्न बखरी दोन पडद्यांवर लिहिल्या जात.

२७ जानेवारी २००१ रोजी निन्टेन्डोने जपानात ‘मोबाइल सिस्टिम जीबी’ ही सेवा सुरू केली. तारेच्या त्याच खाचेत एक अडॅप्टर बसवावयाचा आणि त्याचे दुसरे टोक मोबाइल फोनला जोडावयाचे. फोनच्या जाळ्याच्या जातीप्रमाणे अडॅप्टरचे रंग निळा, पिवळा व तांबडा असे निराळे ठेवले होते. यंत्र आणि अडॅप्टर यांचे संभाषण ठरीव शिष्टाचाराने चाले: प्रत्येक संदेशाच्या अग्रभागी दोन ठरलेले बाइट, शेवटी बेरजेचा पडताळा, आणि सत्राच्या प्रारंभी ‘निन्टेन्डो’ या रोमन अक्षरांची देवघेव. सोबत मिळणाऱ्या ‘मोबाइल ट्रेनर’ या कार्ट्रिजवरून ई-मेलही पाठविता येई. आठ किलोबाइट कामकाजी स्मृतीच्या मूळ यंत्रासाठी आखलेल्या खाचेतून हे सारे साधावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

परंतु मिलिसेकंदात उत्तर मिळेल या गृहीतकावर उभारलेला व्यवहार फोनच्या जाळ्यावर तसाच नेता येत नाही. तेथे उत्तरास त्याच्या कित्येक पट विलंब लागतो, आणि तो विलंबही प्रत्येक वेळी निराळा. ‘पोकेमॉन क्रिस्टल’च्या कर्त्यांनी या अडचणीशी झुंज न देता तिला जागा करून दिली. त्या खेळातील संपर्ककेंद्रात आपला प्राणी ठेवावयाचा, मोबदल्यात कोणता हवा ते नमूद करावयाचे आणि निघून जावयाचे. जुळणारा दुसरा अर्जदार मिळाला म्हणजे अदलाबदल सर्व्हरच्या दफ्तरी परस्पर होई. लढाईच्या मनोऱ्यातही इतरांचे संघ आधी उतरवून घेतले जात आणि त्यांचे संचालन यंत्रच करी. दूरस्थ खेळातल्या अनेक झगमगीत प्रयोगांपेक्षा ही संथ, टपालवजा व्यवस्था मला अधिक शहाणपणाची वाटते.

बोलण्याचा प्रश्न खेळण्याहून अवघड. गेम बॉयला कळफलक नाही. म्हणून क्रिस्टलमध्ये खेळाडूने तयार शब्दांच्या सूचीतून आपले अभिवादन जुळवावयाचे. यात सोय होती तशी सावधगिरीही होती, कारण सूचीत शिवीच नसेल तर ती देणार कशी? याच्या अगदी उलट टोकाला ‘सायबिको’. डेव्हिड यांग यांच्या कंपनीने २००० साली अमेरिकेत आणलेल्या या यंत्रात स्वतःचा रेडिओ होता आणि संपूर्ण कळफलकही, परंतु कळा इतक्या चिमुकल्या की त्या दाबण्यास सोबत काडी द्यावी लागली. आसपासच्या मुलांशी फोनवाचून गप्पा आणि खेळ दोन्ही करता येत, पण काही वर्षांतच ते यंत्र बाजारातून गेले. पुढे २००४ च्या निन्टेन्डो डीएसमध्ये ‘पिक्टोचॅट’ आले. चार खोल्या, प्रत्येकीत सोळा जण, लेखणीने लिहा अथवा चित्र काढा. सर्व्हरचा संबंध नाही, म्हणून हा पत्रव्यवहार एका वर्गखोलीच्या आटोक्यातच राही. जेथे मुलांच्या संदेशांना इंटरनेटची मुभा मिळाली तेथे त्यांचा दुरुपयोगही झाला, आणि ‘स्वॅपनोट’ या निरोप धाडण्याच्या प्रोग्रॅमची दूरस्थ सेवा निन्टेन्डोला २०१३ साली थांबवावी लागली.

मोबाइल सिस्टिम जीबी १४ डिसेंबर २००२ रोजी बंद झाली. दोन वर्षेही भरली नव्हती. डीएसची इंटरनेट सेवा २० मे २०१४ रोजी संपली. पण तार अजून चालते, आणि छांदिष्टांनी तिच्यावर नवी इमारत उभी केली आहे. २०२१ साली एका संशोधकाने छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या आधारे १९८९ चा टेट्रिस इंटरनेटवर आणला. त्याची युक्ती ही, की प्रत्येक गेम बॉयला ठोके घेणाऱ्याची भूमिका द्यावयाची आणि ठोके देण्याचे काम मधल्या जोडयंत्राने पत्करावयाचे. मग संदेशाला कितीही उशीर होवो, धीराने थांबणारे यंत्र कुरकुर करीत नाही. दोघांसाठी लिहिलेला खेळ त्यामुळे अनेकांना एकदम खेळता आला. मोबाइल अडॅप्टरचे संभाषणही अशाच मंडळींनी उलगडले असून क्रिस्टलचे जपानी संपर्ककेंद्र खासगी सर्व्हरांवर पुन्हा चालू होऊ शकले आहे.

हे उलगडण्याचे श्रम पुष्कळसे टाळता आले असते. सेवा तोट्यात गेली तर ती बंद करण्याचा कारखानदाराचा हक्क कोणी नाकारीत नाही. मात्र दार लावण्यापूर्वी त्याने आपल्या संदेशांचे नियम जाहीर करावेत, आणि अशी यंत्रे विकत घेणाऱ्यांनी त्याच्याकडे ही मागणी यंत्र नवे असतानाच करावी.